ट्रेडलची मोटर

अमरावती, बुधवारा
९ नोव्हेंबर १९५७

ती. रविदादास,
शैलाचा नमस्कार.

हे पत्र बाबांना न सांगता लिहून राहिले आहे. उत्तर इनायतुल्ला चाचांच्या पत्त्यावर पाठव. चाचा अजून तिथंच, आपल्या छापखान्याच्या भिंतीला लागून, पुस्तकं बांधत बसतात.

दिवाळी झाली आणि आपल्या गल्लीतला जुना डीसी करंट बंद झाला. आता सगळीकडे एसी. दिवे आधीपेक्षा चांगले लागतात, पण छापखान्यातली मोटर हूं की चूं करत नाही. तार जोडायला आलेला माणूस म्हणाला, ही डीसीची मोटर आहे, भंगारात द्या. बाबांनी त्याला पाणीही विचारलं नाही. तेव्हापासून छपाईचं ट्रेडल मशीन पायानं चालतं. बाबा पाय मारतात आणि मी कागद लावते, ते थकले की मी पाय मारते. त्यांचे गुडघे सुजले आहेत. जिना चढून आले की बोलायच्या आधी खांबाला धरून उभे राहतात.

जवाहर गेटजवळच्या एका दुकानदारानं एसीची मोटर दाखवायला आणली होती. ती एकाच वेगानं पळते, हळू करायची सोय नाही. आपल्या जुन्या मोटरला रेग्युलेटर होता, तू लहानपणी फिरवायचास तो. पत्रिकांना हळू, बिलबुकांना भरभर. ते ह्या मोटरला जमत नाही, म्हणून बाबांनी ती परत पाठवली.

बावन्न साली बाबा तुला काय बोलले ते मी विसरले नाही. विधवेशी लग्न करतोस तर त्या लग्नाची पत्रिका माझ्या छापखान्यात छापली जाणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि तू बोलावल्याशिवाय पायरी चढणार नाही म्हणून निघून गेलास. त्यावर मी काही म्हणत नाही. पण तू तेलगिरणीत मोटरांचंच काम करतोस. नवा करंट आणि जुनं मशीन ह्यांच्या मधे बसेल असं काही असतं का?

माझाही स्वार्थ आहे. मी टायपिंग शिकते आहे, बाबांना अजून सांगितलेलं नाही. मे महिन्यात परीक्षा आहे आणि कोर्टात जागा निघणार असं ऐकते. मोटर चालली तर एखादा माणूस ठेवता येईल आणि माझ्या दुपारी मोकळ्या होतील.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही.

तुझी,
शैला


अकोला, जुने शहर
१६ नोव्हेंबर १९५७

चि. शैला,

तुझं पत्र सुभद्रेनंही वाचलं. बाबांच्या सुजेचं वाचून तिनं मला चार प्रश्न विचारले, मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. दवाखान्यात नर्स असल्यामुळे तिला असल्या गोष्टी लगेच कळतात. मीठ कमी करायला सांग म्हणते.

आता मोटरचं. एसीचा डीसी करून देणारं यंत्र असतं, ते मिळालं असतं तर जुनी मोटर तशीच चालली असती. मूर्तिजापूरला बंद पडलेल्या एका टॉकीजमधे असल्याचं कळलं म्हणून परवा जाऊन आलो. आतली तार जळून कोळसा झालेली आहे. नवं मागवायचं तर छापखान्याहून महाग पडेल.

दुसरा रस्ता म्हणजे एसीची मोटर घ्यायची आणि तिच्यावर अगदी लहान पुली बसवायची. लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर पट्टा गेला की मशीन हळू चालतं. रेग्युलेटरसारखा वेग बदलता येणार नाही, पण पत्रिकांना लागतो तो वेग कायमचा बांधून देता येईल. त्यासाठी ट्रेडलच्या दांड्यावरची मोठी पुली केवढी आहे ते मला हवं. माझ्या आठवणीत अठरा इंच आहे, मीच तिला लाल रंग दिला होता. तरी दोरा लावून मोजून कळव.

माझं नाव सांगायचं की नाही ते तू ठरव.

रविकांत


अमरावती
२५ नोव्हेंबर १९५७

ती. दादास,

नाव सांगितलं. बाबांनी जेवण संपवलं. हात धुताना म्हणाले, "त्याले सांग, मशीन जिथं होतं तिथंच हाय."

दुपारी मी दोरा घेऊन मशीनमागे वाकले, तर म्हणाले, "माप कायले घेतेस? त्याच्या हाताखालून गेलेलं मशीन हाय. त्याले ठाऊक नसन तर कोणाले?"

दादा, पाच वर्षांत तुझ्याबद्दल हे पहिलं बरं वाक्य. मी दोरा गुंडाळून ठेवला. त्यांच्या तोंडून निघालेलं ते मोजमाप करून खोटं पाडावंसं वाटलं नाही. पुली लाल आहे का ते सांगता येत नाही, तिथं शाई आणि वंगणानं सगळं काळंच आहे. पण तू अठरा म्हणतोस तर अठराच असेल.

मीठ कमी केलं आहे. बाबांना वाटतं मी विसरते.

शैला


अकोला
२६ जानेवारी १९५८

चि. शैला,

उशीर झाला. हवी तशी मोटर मिळायला दीड-दोन महिने गेले. शेवटी आमच्याच मालकांच्या जुन्या गोदामात एक सापडली. उघडून साफ केली, बेअरिंग बदलले. पुली मी स्वतः खरादावर कातली आहे. ट्रेडलची पुली अठरा धरून हिशोब केला आहे, मशीन अगदी निवांत चालेल.

आमच्या गिरणीतले फिटर खुशालराव सासरी अमरावतीला येतात. मोटर त्यांच्याबरोबर पाठवतो, तेच बसवून देतील. भला माणूस आहे, चहा दे.

मी येत नाही. बाबांनी मशीनबद्दल चांगलं म्हटलं, पण ये असं म्हटलेलं नाही.

सुभद्रेनं त्यांच्यासाठी गुडघ्याला लावायचं तेल दिलं आहे. कोणी दिलं ते सांगू नकोस.

रविकांत


अमरावती
१३ फेब्रुवारी १९५८

ती. दादास,

मोटर चालली. बाबांनी नारळ फोडला, इनायतुल्ला चाचांना खोबरं दिलं आणि दिवसभर काही ना काही छापत बसले. खुशालरावांना त्यांनी दोनदा विचारलं, "अकोल्यात बरं हाय ना सगळं?" खुशालराव म्हणाले, बरं आहे. बाबा तेवढ्यावरच थांबले.

एक गोष्ट लिहिते, रागावू नकोस. मशीन फार भरभर चालतं. कागद लावून हात काढते न काढते तोच जबडा मिटतो. बाबा म्हणतात, "तुह्या भावाले लईच घाई होती वाटते." खुशालराव म्हणाले, रविकांतनं जे सांगितलं तेच मी बसवलं, ह्याहून हळू करायचं तर पुली बदलावी लागेल. ती बदलायची तर पुन्हा तुझ्याकडेच यायला हवं.

तू एकदा येऊन पाहशील का? बाबा खालच्या सोप्यात असतात, दुकानाला मागून वेगळं दार आहे. पायरी चढावी लागणार नाही.

लग्नसराई सुरू झाली. माणूस अजून मिळालेला नाही, त्यामुळे कागद मीच लावते. क्लासला आठवड्यातून दोनदाच जाणं होतं.

शैला


अकोला
१९ फेब्रुवारी १९५८

चि. शैला,

तुझं पत्र वाचलं. त्यातलं तुझं कोणतं आणि बाबांचं कोणतं ते मला ओळखू येतं. मी केलेलं काही त्यांना पहिल्या दिवशी पसंत पडलं असं कधी झालेलं नाही. शाळेत असताना बसवून दिलेल्या घंटीचंही हेच झालं होतं.

हिशोबात चूक नाही, मी पुन्हा करून पाहिला. तुम्ही तीन-साडेतीन महिने पायानं चालवलंत, त्या सुस्त चालीची सवय झाली म्हणून आता भरभर वाटतं. हाताला वेग लागायला आठ-पंधरा दिवस लागतात. हात शिकेल.

येण्याचं मी आधीच लिहिलं आहे. मागच्या दारानं मी येणार नाही.

रविकांत


अमरावती, बुधवारा
११ मार्च १९५८

अजीज रविकांत बेटा,

इनायतुल्लाचा सलाम. शैलाबेटीची पत्रं माझ्या पत्त्यावर येतात, आज मीच लिहून राहिलो. कारण बेटीले लिहिता येत नाही.

काल दुपारी मशीनमधे तिचा उजवा हात सापडला. मी बाजूलेच होतो. आवाज आला तो मशीनचाच वाटला, मंग तुह्या बाबांची, मोरोपंतांची, हाक आली तशी मी धावलो. त्यांनी मशीन बंद केलं होतं, चाक उलटं फिरवून हात मी काढला. टांग्यातून दवाखान्यात नेलं. दोन बोटं डॉक्टरांनी ठेवली नाहीत, अंगठ्याजवळची दोन. जीवाले धोका नाही म्हणतात.

बेटी रडली नाही. टांग्यात मले म्हणे, चाचा, आज क्लास होता. कसला क्लास ते मले समजलं नाही. मी म्हटलं, राहू दे आज.

मोरोपंत कालपासून जेवले नाहीत. दुकानात मशीनसमोर बसून आहेत. मी म्हटलं, रविकांतले तार करू का. ते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. म्हणून मी माझ्या अकलेनं लिहितो, तू ये.

बाकी खैरियत लिहावी असं काही नाही.

इनायतुल्ला


अमरावती
१५ मार्च १९५८

प्रिय सुभद्रा,

पोचल्यापासून लिहीन म्हणत होतो, जमलं नाही.

शैला दवाखान्यात आहे. पट्टी कोपरापर्यंत बांधली आहे. मला पाहून म्हणाली, "आलास होय." मी तिच्याजवळ बसलो. तीच मला सांगू लागली की त्या दिवशी दोनशे पत्रिका संध्याकाळी द्यायच्या होत्या, कागद जरा तिरका बसला म्हणून तिनं पुन्हा हात घातला, आधी ती असं नेहमी करायची आणि हात निघायचा.

तिथून छापखान्यात गेलो. पायरी चढलो तेव्हा माझ्या मनात काही आलंच नाही. बाबा खुर्चीत बसले होते. खूप वाळले आहेत. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. मी कोपऱ्यातून कंदील आणि दोरा घेतला आणि मशीनमागे गेलो. चिंधीनं पुली पुसली. ती लाल नव्हती. तिच्यावर कधी रंग लावलेलाच नव्हता. दोरा लावला. बारा इंच भरली.

सुभद्रा, अठराच्या जागी बारा म्हणजे मशीन दीडपट वेगानं पळत होतं.

मी विचारलं, "ही पुली कोणती?"

बाबा म्हणाले, "जुनी तडकली. तू गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात. मूर्तिजापूरहून ही आणली, बसली."

"लहान आहे ही."

"मशीन जरा धावे. मंग रेग्युलेटर कमी केला. चालत होतं."

म्हणजे इतकी वर्षं रेग्युलेटर ती लहान पुली झाकत होता. नव्या मोटरला रेग्युलेटर नाही. मी म्हणालो, "मी माप विचारलं होतं. पुली बदलली हे सांगितलं का नाही?"

"तू मले नाही विचारलं."

"शैलाला लिहिलं होतं."

"शैलाले लिहिलं. मले नाही विचारलं."

मला फार राग आला. मी काहीतरी बोलणार होतो. मग त्यांनीच विचारलं, "तिनं तुले लिहिलं होतं ना, फार पळते म्हणून?"

मी होय म्हणालो.

"मंग?"

मी गिरणीत पंधरा मोटरा सांभाळतो. कोणी येऊन सांगितलं की मशीन पळतं आहे, तर मी हातातला घास टाकून उठतो. इथं मला वाटलं की बाबा खोड काढताहेत. म्हणून मी उठलो नाही.

जखम धुवायला दवाखान्यातल्या बाईंना वेळ होत नाही आणि शैलाला उद्या घरी सोडणार आहेत. रजा मिळाली तर तू ये. मी बाबांना विचारलेलं नाही, सांगितलं आहे. ते म्हणाले, "रात्रीच्या गाडीनं नको म्हणा, बडनेऱ्याले गाडी बदलाले फार वेळ बसावं लागते."

रविकांत


अकोला, जुने शहर
२० ऑगस्ट १९६१

चि. शैला,

मूर्तिजापूरची शाळा कशी आहे? खोलीवर पाणी येतं का? बाईंना पहिल्या वर्षी चौथीचा वर्ग देतात म्हणजे हेडमास्तरांचा तुझ्यावर भरवसा दिसतो.

छापखाना मोडून बाबा इकडे आले, ते आता रमले. आधी म्हणायचे, मोर्णा नदीच्या ह्या काठाला मला झोप लागत नाही. आता सुभद्रा कामावरून येईपर्यंत ओट्यावर बसून राहतात आणि तिला उशीर झाला की मला पुलापर्यंत पाठवतात. चष्मा तिच्याशिवाय कोणाकडून पुसून घेत नाहीत. पाच वर्षं ज्या सुनेचं नाव घेतलं नाही, तिला दिवसातून दहादा हाक मारतात.

मागच्या महिन्यात वरूडला जाऊन आलो. आपलं ट्रेडल ज्यांनी घेतलं ते संत्र्यांचे व्यापारी आहेत, पेट्यांवर चिकटवायची लेबलं त्यावर छापतात. विकताना मी मधे दुसरा दांडा टाकून वेग बरोबर करून दिला होता, तो अजून तसाच आहे. इतकं संथ चालतं की पाहत बसावं. बाबांना सांगितलं, तर उठून आत गेले.

परवा इनायतुल्ला चाचांचं पत्र आलं. लिहितात, शैलाबेटीच्या हातानं हे घर जुळलं. मलाही पुष्कळदा तसंच वाटतं. जे झालं ते वाईट झालं, पण त्यातून निदान एवढं तरी चांगलं निघालं. तुलाही असंच वाटत असेल.

गणपतीला ये.

रविकांत


मूर्तिजापूर
२ सप्टेंबर १९६१

ती. दादास,

पाणी येतं. शाळा बरी आहे. खडू मी अंगठा आणि करंगळीजवळच्या बोटात धरते, अक्षर मोठं येतं आणि मुलांना शेवटच्या बाकावरून दिसतं. पहिल्या दिवशी त्यांनी हाताकडे पाहिलं, आता पाहत नाहीत.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या हातानं घर जुळलं असं तू म्हणतोस, चाचा म्हणतात, मागच्या दिवाळीत इंदूआत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी वाईट मनानं म्हणत नाही हे मला कळतं. पण दरवेळी ऐकताना असं वाटतं की मी काही देऊन टाकलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते घेतलं. मी दिलेलं नाही, दादा. मी पत्रिकेचा कागद सरळ करत होते.

मला ती बोटं हवी होती. माझा हात टायपिंगला चांगला होता, क्लासमधे माझ्या पुढे एकच जण होता. कोर्टातली ती जागा निघाली आणि भरलीसुद्धा. मी मोटर मागितली ती त्यासाठी. घर जुळवायला मागितली नव्हती.

घर जुळायचं तर तुम्ही दोघं बोलला असतात तरी जुळलं असतं. एकानं विचारायचं होतं आणि एकानं सांगायचं होतं. मधे मी होते म्हणून तुम्हाला तेवढीही गरज पडली नाही. तुमची वाक्यं मीच इकडून तिकडे नेत राहिले आणि दोरा लावायचा तर बाबांच्या एका शब्दासाठी तो गुंडाळून ठेवला. त्याचं मला वाईट वाटतं, पण ते माझं मी पाहीन.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. वहिनींवर माझा फार जीव आहे, दवाखान्यातून घरी आल्यावर त्या रात्र-रात्र उशाशी बसल्या नसत्या तर मी वेडी झाले असते. बाबा तिथं सुखात आहेत हेही चांगलं आहे. फक्त ते चांगलं माझ्या हातातून निघालं असं म्हणू नका. ते तसंही निघायला हवं होतं.

गणपतीला येईन.

शैला


अकोला
२१ सप्टेंबर १९६१

चि. शैला,

तू सोमवारी गेलीस. इथे असताना हे तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं होतं. तू म्हणशील काहून दाखवलंस. मला ते एकट्याला पेलेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा वाच म्हणाले.

काल इनायतुल्ला चाचा आले होते. मुलीचं सासर इथंच आहे, तिच्याकडे उतरले आहेत. सुभद्रेनं चहा दिला. तिला आणि बाबांना एका ओट्यावर पाहून चाचांना भरून आलं असावं. म्हणाले, "पंत, शैलाबेटीच्या हातानं..."

बाबांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, "नाही, चाचा. ते काम आमचं दोघाचं होतं. आमी केलं नाही. पोरीचा हात त्याच्यात आणू नका."

सुभद्रा आत गेली. मी कपबशी हातात घेऊन तसाच बसलो होतो. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, पण मलाच सांगत होते हे मला कळलं.

तुझ्या पत्रावर माझ्याजवळ ह्याहून दुसरं उत्तर नाही. तू लिहिलंस ते खरं आहे आणि ते तसंच राहणार आहे.

रविकांत